सेकंडहँड ईव्ही किंवा हायब्रिड घेताय? गाडी एक अख्खा दिवस मागून घ्या

पेट्रोलची जुनी गाडी बघायला गेलेला माणूस निदान काहीतरी करू शकतो. बॉनेट उघडतो, ऑइलची पट्टी काढून तेल बोटांत चोळून बघतो, इंजिन सुरू करून मान तिरकी करून आवाज ऐकतो, मागे जाऊन धुराचा रंग पाहतो. यातलं त्याला किती कळतं हा भाग वेगळा, पण गाडी स्वतःहून बरंच बोलते. इलेक्ट्रिक गाडीचं बॉनेट उघडलं तर दिसतं काय? प्लॅस्टिकचं झाकण, दोन-चार नारिंगी केबली आणि काच धुवायच्या पाण्याची टाकी. मग एकच प्रश्न उरतो: "बॅटरी कशी आहे?" विकणाऱ्याकडे उत्तर तयारच असतं. तो डॅशबोर्डकडे बोट करतो. "हे काय, फुल चार्जवर तीनशे दहा किलोमीटर दाखवतेय!"

तो आकडा विसरा.

तो गाडीने बांधलेला अंदाज असतो. मागच्या काही दिवसांत दर किलोमीटरला किती वीज लागली, यावरून ती पुढचं भाकीत करते. विकायच्या आधी आठवडाभर कोणी एसी बंद ठेवून चाळीसच्या वेगाने चालवली, तर थकलेली बॅटरीही घसघशीत रेंज दाखवेल. धडधाकट बॅटरीची गाडी महिनाभर हायवेवर दामटली असेल तर तिचा आकडा केविलवाणा दिसेल. शेजारची टक्केवारी त्याहून फसवी. पेट्रोलची टाकी वीस वर्षांनीही तेवढीच राहते; बॅटरी ही दरवर्षी थोडी आकसणारी टाकी आहे. आकसलेली टाकी काठोकाठ भरली की डॅशबोर्ड १०० टक्केच म्हणणार, कारण तो टाकी किती भरली ते सांगतो, ती केवढी उरली ते सांगत नाही. केवढी उरली याचं माप वेगळं आहे. त्याला स्टेट ऑफ हेल्थ म्हणतात, थोडक्यात एसओएच. नवी असताना १००; आज ८५ असेल तर मूळ क्षमतेतला १५ टक्के भाग कायमचा गेला.

टाकी का आकसते

लिथियम-आयन सेलमध्ये लिथियमचे आयन दोन टोकांच्या मधे ये-जा करतात: चार्ज करताना ग्रॅफाइटच्या बाजूला, गाडी चालताना परत. ग्रॅफाइटवर पहिल्या काही चार्जिंगमध्येच एक पातळ थर धरतो. तो हवाच असतो, त्याच्यामुळे आतली रसायनं एकमेकांना खात नाहीत. पण तो थर पुढेही हळूहळू जाड होत राहतो आणि दरवेळी थोडं लिथियम स्वतःत अडकवून ठेवतो. अडकलेलं लिथियम पुन्हा कामाला येत नाही. टाकी आकसते ती मुख्यतः अशी.

हे घडायला गाडी पळावी लागत नाही. उन्हात, १०० टक्के भरून, महिनोन्‌महिने नुसती उभी असलेली गाडीही म्हातारी होते. सेल तापलेला असणं आणि पूर्ण भरलेला असणं, ही दोन्ही त्याला मानवत नाहीत; दोन्ही एकत्र तर अजिबात नाहीत. म्हणून पेट्रोल गाडीच्या हिशेबाने "कमी पळालेली म्हणजे चांगली" असं धरलं की इथे गणित चुकतं. सहा वर्षांत वीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीपेक्षा तीन वर्षांत साठ हजार पळालेली, घरच्या साध्या चार्जरवर ७०-८० टक्क्यांपर्यंतच भरली जाणारी गाडी मी आधी बघेन. जवळपास फक्त डीसी फास्ट चार्जरवरच, म्हणजे बाहेरच्या झटपट चार्जरवरच जगलेली गाडी असेल तर जरा जास्त प्रश्न विचारेन, पण तेवढ्यावरून नाकारणार नाही.

साधारण उतार असा असतो: पहिल्या वर्ष-दोन वर्षांत थोडा जास्त, मग मंद. बॅटरी कूलंटने थंड ठेवणाऱ्या आजच्या गाड्यांत वर्षाला दोन टक्क्यांच्या आसपास घट धरून चालायला हरकत नाही. म्हणजे पाच वर्षांच्या गाडीला ८८-९० हा आकडा निरोगी. कोणी ९९ सांगितला तर मला आनंद होत नाही, शंका येते. काही कंपन्या सेलची थोडी क्षमता सुरुवातीला राखून ठेवतात आणि पहिली घट त्या राखीव साठ्यात जिरवतात. तेव्हा एवढा चांगला आकडा खराही असू शकतो. पण दुसरं कारणही असतं, ते पुढे सांगतो.

थंड ठेवण्याची सोय किती महत्त्वाची, हे निसान लीफने जगाला शिकवलं. २०१० च्या अखेरीस बाजारात आलेल्या या गाडीच्या बॅटरीत कूलंट फिरवण्याची व्यवस्था नव्हती, आणि उष्ण प्रदेशांत तिची क्षमता अपेक्षेपेक्षा लवकर उतरली. लीफने एक चांगली गोष्ट मात्र केली होती, बॅटरीची तब्येत थेट डॅशबोर्डवर १२ खुणांनी दाखवली. त्यातही मेख आहे. पहिली खूण जाते तीच साधारण १५ टक्के घट झाल्यावर. पुढची प्रत्येक सुमारे सव्वासहा टक्क्यांवर. म्हणजे बाराच्या बारा खुणा असलेली बॅटरी ९८ टक्क्यांची असेल नाहीतर ८६ ची. शिवाय काही विक्रेत्यांनी बॅटरीच्या नियंत्रकाची, म्हणजे बीएमएसची, स्मृती पुसून गेलेल्या खुणा परत आणल्याचे प्रकार झाले आहेत. काही आठवडे चालवली की खुणा पुन्हा गळतात, पण तोवर पैसे देऊन झालेले असतात. अवास्तव चांगल्या आकड्याचं दुसरं कारण ते हेच.

मग खरं माप कसं काढायचं

तीन वाटा आहेत, आणि शक्य असेल तर दोन तरी धरा. पहिली, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून काढलेला बॅटरीचा छापील अहवाल. त्यावर तारीख आणि गाडीचा व्हीआयएन, म्हणजे १७ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक बघा. आठ महिन्यांपूर्वीचा अहवाल म्हणजे आठ महिन्यांपूर्वीची गाडी.

दुसरी वाट म्हणजे ओबीडी डोंगल. स्टिअरिंगच्या खाली असलेल्या निदानाच्या सॉकेटमध्ये आगपेटीएवढं यंत्र खोचायचं आणि त्या मॉडेलसाठी बनलेलं ॲप मोबाईलवर उघडायचं. एसओएच तर दिसतोच, पण मला त्याहून मोलाची वाटते ती सेलमधली तफावत. चारशे व्होल्टच्या बऱ्याच गाड्यांत सेलचे ९६ गट एकामागे एक जोडलेले असतात. एका दोराला बांधून चढणाऱ्या माणसांचा वेग सगळ्यात दमलेल्याच्या पायांवर ठरतो, तसंच इथे. एक गट रिकामा झाला की बाकीच्या ९५ मध्ये वीज शिल्लक असूनही गाडीला थांबावं लागतं. ॲपमध्ये सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी व्होल्टेजचा सेल दिसतो. गाडी शांत उभी असताना दोघांत १०-२० मिलिव्होल्टचा फरक असेल तर निश्चिंत राहा. बॅटरी २० टक्क्यांच्या खाली असताना, जोरात ॲक्सिलरेटर दाबल्यावर हा फरक शंभर मिलिव्होल्टच्या पुढे जात असेल आणि दरवेळी तळाला तोच एक क्रमांक दिसत असेल, तर त्या गटाचं काहीतरी बिघडलं आहे. सरासरी एसओएच ९० असला तरी मी अशी गाडी सोडून देईन.

तिसरी वाट सगळ्यात साधी. तिला यंत्र लागत नाही, पण वेळ लागतो. आणि बीएमएसला शिकवून ठेवलेलं खोटं तिथे फारसं चालत नाही. गाडी २० टक्क्यांवर असताना चार्जरला लावा आणि ८० टक्के होईपर्यंत किती युनिट वीज गेली ते मीटरवर बघा. समजा नवी असताना बॅटरीची वापरता येणारी क्षमता ४० युनिट होती. मग ६० टक्के म्हणजे २४ युनिट आत जायला हवीत. मीटरवर गेली २३. एसी चार्जिंगमध्ये (हा एसी म्हणजे घरच्या सॉकेटमधली वीज, गार करणारा एसी नव्हे) दहा ते पंधरा टक्के वीज वाटेतच उष्णता होऊन जाते, म्हणजे बॅटरीत पोचली साधारण साडेएकोणीस ते पावणेएकवीस. त्याला ०.६ ने भागा: साडेबत्तीस ते साडेचौतीस. चाळीसच्या तुलनेत ८१ ते ८६ टक्के. काटेकोर माप नव्हे हे, पण विकणारा ९७ सांगत असेल तर संभाषण कुठे न्यायचं ते कळतं. १० टक्क्यांचीच चाचणी घेऊन हा हिशेब करू नका. टप्पा जितका लांब, तितकी चूक कमी.

एक अपवाद लक्षात ठेवा. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत लिथियम आयर्न फॉस्फेटच्या, म्हणजे एलएफपी बॅटऱ्या असतात. त्या दीर्घायुषी, पण स्वभावाने अबोल. ८० टक्के भरलेली असो की ४०, व्होल्टेज जवळपास तेवढंच, त्यामुळे बीएमएसलाही नक्की किती उरलंय ते कळेनासं होतं. म्हणूनच या गाड्या अधूनमधून १०० टक्के चार्ज करा असं कंपन्याच सांगतात, आणि वर १०० टक्के चांगले नाहीत असं जे मी म्हटलं, त्याला इथे मुरड घालायची. जुन्या मालकाने ते केलं नसेल तर टक्केवारी १५ वरून एकदम ६ वर आपटू शकते. तेवढ्यावरून बॅटरी गेली असं समजू नका. एकदा पूर्ण भरून मग मोजा, आणि सेलमधली तफावत खालच्या टोकाला बघा. मधल्या सपाट पट्ट्यात सगळे सेल सारखेच गोड दिसतात.

वॉरंटीचं थोडक्यात. बॅटरीला आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, आणि त्या काळात क्षमता ७० टक्क्यांच्या खाली गेली तर दुरुस्ती, हा बराच रूढ साचा आहे. पण ती दुसऱ्या मालकाला लागू होते का, आणि पाण्यात बुडालेली किंवा बाहेरच्या गॅरेजमध्ये उघडलेली बॅटरी तिच्यात बसते का, हे त्या गाडीच्या कागदावरच वाचा. ७१ टक्क्यांवर अडकलेली बॅटरी ही तर सगळ्यात वाईट जागा: वॉरंटी लागू नाही, रेंजही नाही. आणि बॅटरी गाडीच्या मालकाचीच आहे ना, हेही विचारा. हसू नका. रेनो झोईसारख्या गाड्या एकेकाळी बॅटरी भाड्याने देऊन विकल्या गेल्या. गाडी तुमची, बॅटरीचं भाडं दरमहा चालू. हा प्रकार आता पुन्हा नव्या नावांनी येतो आहे. जुन्या गाडीत नवी बॅटरी घालायचा खर्च कधीकधी गाडीच्या किमतीहून जास्त होतो, नाकापेक्षा मोती जड, म्हणून या एका प्रश्नावर एवढा वेळ घालवला.

बॅटरीच्या सावलीत लपलेलं

आता जरा उलटं बोलतो. माझा अनुभव असा की लोक बॅटरीला इतके घाबरतात की बाकीची गाडी बघायचीच विसरतात. बॅटरी बहुतेकदा बरी निघते. त्रास होतो तो बाकीच्यांचा.

चार्जिंगपासून सुरुवात करा. एसी आणि डीसी हे दोन वेगळे रस्ते आहेत. एसी वीज गाडीतल्या ऑनबोर्ड चार्जरमधून जाते, डीसी त्याला वगळून थेट बॅटरीकडे. त्यामुळे एक चालतं म्हणून दुसरं चालेलच असं नाही; दोन्ही लावून बघा. थ्री-फेजवर चार्ज होणाऱ्या गाडीत ऑनबोर्ड चार्जरचा तीनपैकी एक भाग मेला तर गाडी चार्ज होतच राहते, फक्त दोन-तृतीयांश वेगाने, आणि मालकाला ते वर्षभर कळत नाही. म्हणून स्क्रीनवर किती किलोवॅट येतात ते वाचा. फास्ट चार्जर लावताना बॅटरी २०-३० टक्क्यांवर आणि थोडी चालून गरम झालेली असू द्या. ८५ टक्के भरलेल्या किंवा गारठलेल्या बॅटरीला कोणतीही गाडी वेग देत नाही, तिथे तिला नापास करणं अन्याय होईल. दहा-पंधरा मिनिटं तरी चालू द्या. काही दोष तापल्यावरच बाहेर येतात. मग प्लग काढून पोर्टच्या पिना टॉर्चने बघा. एखादी पिन काळवंडलेली किंवा तिच्याभोवतीचं प्लॅस्टिक पिवळं पडून वितळल्यासारखं असेल तर तिथे सैल संपर्कामुळे उष्णता झाली आहे. प्लगचं लॉक दोन-तीनदा उघडबंद करून पाहा. अडकलेलं लॉक हे रात्री अकरा वाजता, घरापासून लांब, फार महागात पडतं.

फास्ट चार्जिंगचा पोर्ट कोणत्या प्रकारचा आहे हेही बघून ठेवा. जुन्या लीफसारख्या गाड्यांना चाडेमो पोर्ट असतो आणि नवे चार्जर त्याला सोडून चालले आहेत. उत्तम बॅटरीची गाडी, पण तिला जेवू घालणारं कोणी नाही, असा प्रकार.

ब्रेकची गंमत वेगळी. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांत वेग कमी करायचं बरंचसं काम मोटरच जनरेटर होऊन करते आणि वीज परत बॅटरीत ढकलते. ब्रेक पॅड त्यामुळे वर्षानुवर्षं टिकतात. पण न वापरलेली वस्तू गंजते. डिस्कवर खरबरीत गंजाचे पट्टे, जाम झालेल्या कॅलिपरच्या पिना, एका बाजूला ओढणारी गाडी, हे कमी पळालेल्या ईव्हीत नेहमीचंच. फोक्सवॅगनने आयडी.३ सारख्या नव्या गाडीला मागे जुन्या पद्धतीचे बंद ड्रम ब्रेक दिले, त्यामागे हेही एक कारण आहे. तपासायचं असं: मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर गाडी मध्यम वेगात न्यूट्रलला टाका, म्हणजे मोटर मदतीला येणार नाही, आणि ब्रेक दाबा. घरघर, थरथर, एका बाजूला ओढ, जे काही असेल ते लगेच कळेल. आणि रीजनची, म्हणजे मोटरच्या ब्रेकिंगची, परीक्षा बॅटरी १०० टक्के असताना घेऊ नका. भरलेल्या बॅटरीत परत घालायला जागाच नसते, म्हणून गाडी ते स्वतःच कमी करते.

टायर आणि सस्पेन्शन. शेकडो किलोची बॅटरी पोटात घेऊन ही गाडी शून्यापासून पूर्ण जोर लावते, म्हणून टायर भरभर झिजतात. आतली कड बघा, बाहेरून दिसत नाही. चारही टायर वजन पेलणाऱ्या योग्य दर्जाचे आहेत का तेही बघा. स्वस्तातले चार वेगवेगळे टायर दिसले की मालकाने बाकी कुठे हात आखडला असेल याचा अंदाज येतो.

गाडी लिफ्टवर घेतल्याशिवाय सौदा करू नका. पेट्रोल गाडीत हे ऐच्छिक होतं, इथे सक्तीचं. बॅटरीचं कवच हाच गाडीचा तळ असतो. ओरखडे चालतात. आत दबलेला खड्डा, फुटलेली कड, चुकीच्या जागी जॅक लावल्याचा ठसा मात्र तज्ज्ञाला दाखवायलाच हवा. कवचाच्या बोल्टांवर पान्याच्या ताज्या खुणा असतील तर बॅटरी कधीतरी खाली उतरवली होती. का, हा प्रश्न कागदासकट विचारा. कनेक्टरवर हिरवट बुरशीसारखा गंज, सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढल्यावर दिसणारी मातीची रेघ, कार्पेटखालचा कुबट वास, यांतलं काही दिसलं तर गाडी पाण्यात होती. किंमत निम्मी केली तरी घेऊ नका. नारिंगी केबलींना मात्र हात लावू नका. त्यांतून शेकडो व्होल्ट जातात, आणि गाडी बंद केल्यावरही आत काही काळ भार शिल्लक असू शकतो.

एसी नीट गार करतो का, ही ईव्हीत ऐषारामाची बाब उरलेली नाही. बऱ्याच गाड्यांत तोच कंप्रेसर बॅटरीलाही थंड करतो. एसी गेला की उन्हाळ्यात फास्ट चार्जिंग मंदावतं आणि बॅटरी तापते. त्यात एक कारागिरीची गोष्ट आहे. हा कंप्रेसर उच्च दाबाच्या विजेवर चालतो आणि त्याला वीज न वाहणारं वेगळं तेल लागतं. साध्या गाडीचं तेल घालून कोणी गॅस भरून दिला, तर इन्सुलेशन कमजोर होतं आणि गाडी विजेच्या गळतीचा इशारा देऊ लागते. म्हणून "एसीचा गॅस कुठे भरला होता?" हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा बराच खोल आहे. गाडी एसी लावल्यावरच इशारा देत असेल किंवा पावसात, धुतल्यावरच देत असेल, तर वीज कुठेतरी गळते आहे हे ओळखा.

आणि हो, बारा व्होल्टची साधी बॅटरी. एवढ्या मोठ्या बॅटरीच्या गाडीतही ती असते. संगणक, कुलपं आणि मोठ्या बॅटरीला जोडणारे रिले तिच्याच जिवावर जागे होतात. ती दुबळी झाली की डॅशबोर्डवर एकाच वेळी दहा इशारे पेटतात आणि माणूस घाबरतो. कधीकधी हजारोंचा वाटणारा दोष या छोट्या बॅटरीने मिटतो. म्हणून ती आधी तपासा. पण "फक्त बारा व्होल्टची बॅटरी आहे हो" असं विकणारा म्हणाला, तर ती त्याच्याच खर्चाने बदलून घेऊन मग परत या.

चालवताना खिडक्या बंद, रेडिओ बंद. मोटरचा बारीक शिट्टीसारखा सूर स्वाभाविक आहे. वेगासोबत वाढणारी घरघर मात्र गिअरबॉक्सच्या किंवा चाकाच्या बेअरिंगची असते. इंजिनाचा आवाज झाकायला नसल्यामुळे या गाड्यांत ती ऐकू येते, हा एक फायदाच.

हायब्रिड म्हणजे दोन गाड्या

हायब्रिडला वरचं जवळजवळ सगळं लागू आहेच, शिवाय इंजिनाचं सगळं. बॅटरी मात्र लहान असते आणि वेगळं जगते. ती पूर्ण भरत नाही, पूर्ण रिकामी होत नाही, मधल्या पट्ट्यात दिवसभर वरखाली होते. टोयोटा प्रियस १९९७ मध्ये जपानमध्ये आली. तिच्या दुसऱ्या पिढीच्या बॅटरीत ७.२ व्होल्टची २८ निकेल मेटल हायड्राइड मॉड्यूल होती, एकूण २०१.६ व्होल्ट. एक मॉड्यूल गेलं की काही कारागीर तेवढंच बदलून देतात. स्वस्त पडतं, आणि काही महिन्यांनी शेजारचं जातं. म्हणून "बॅटरी बदलली आहे" हे वाक्य ऐकलं की विचारा: अख्खी की एक-दोन मॉड्यूल?

दुबळ्या हायब्रिड बॅटरीची चाल ओळखता येते. चढावर जोर लावला की गेजच्या पट्ट्या भराभर उतरतात, उतारावर तितक्याच भराभर भरतात, जणू लहानसा तांब्या. मागच्या सीटच्या बाजूला अनेक मॉडेलांत एक जाळी असते, तिच्यातून बॅटरीसाठी गार हवा आत ओढली जाते. ती धुळीने आणि पाळीव प्राण्यांच्या केसांनी तुंबते. जाळी काढून बघायला दोन मिनिटं लागतात, आणि ती गच्च असेल तर बॅटरी वर्षानुवर्षं घुसमटत चालली आहे हे समजा.

इंजिन थंड असताना सुरू होताना ऐका. आधीच तापवून ठेवलेली हायब्रिड दाखवायला आणली तर दुसऱ्या दिवशी परत जा. थंड इंजिन सुरू होताना पहिली काही सेकंदं जोरात थडथडलं, तर रात्रभरात कूलंट सिलिंडरमध्ये झिरपलं असण्याची शक्यता असते, म्हणजे हेड गॅस्केट, इंजिनाच्या दोन भागांमधलं सील, गेलेलं. २०१० ते २०१५ च्या प्रियसमध्ये काजळीने तुंबलेल्या ईजीआर कूलरशी (इंजिनात परत फिरवला जाणारा धूर गार करणारा भाग) जोडलेला हा त्रास मेकॅनिक लोकांत चांगलाच माहीत आहे. कूलंटच्या टाक्या दोन असतात, एक इंजिनाची, एक इन्व्हर्टरची, म्हणजे बॅटरीची वीज मोटरला लागेल तशी करून देणाऱ्या यंत्राची, दोन्ही बघा. सायलेन्सरमधला, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मूळचाच आहे का तेही बघा. हायब्रिडचे कन्व्हर्टर कमी झिजलेले असतात, म्हणून चोरांना ते विशेष प्रिय.

प्लग-इन, म्हणजे बाहेरून चार्ज करता येणारी हायब्रिड असेल तर चार्जिंगची केबल मागा. ती अजून प्लॅस्टिकच्या वेष्टणातच निघाली तर ती गाडी जन्मभर पेट्रोलवर चालली. बॅटरी कमी वापरलेली, इंजिन मात्र जादा वजन ओढत झिजलेलं. उलट जी कायम विजेवरच चालली तिच्यात जुनं पेट्रोल आणि जुनं ऑइल तसंच पडून असतं.

हायब्रिडमध्ये फॉल्ट कोड पुसण्याची चलाखी सोप्या रीतीने पकडता येते. कोड पुसले की इंजिनाच्या स्वयंचाचण्यांच्या नोंदीही पुसल्या जातात आणि स्कॅनरवर त्या "अपूर्ण" दिसतात. त्या पूर्ण व्हायला गाडी बरीच चालवावी लागते. डॅशबोर्डवर एकही इशारा नाही, पण सगळ्या चाचण्या अपूर्ण, म्हणजे सकाळीच कोणीतरी स्कॅनर लावून गेलं. इलेक्ट्रिक गाडीत या चाचण्या नसतात, पण कोड पुसल्यापासून किती अंतर गेलं हे अनेक गाड्या सांगतात. पी०ए८० हा कोड दिसला तर गाडी हायब्रिड बॅटरी बदला म्हणतेय. पी०एए६ म्हणजे उच्च दाबाच्या वायरिंगमधून बॉडीकडे गळती.

त्या एका दिवसाचं काय

आता कळलं असेल की अख्खा दिवस का लागतो. आदल्या रात्री मालकाला सांगून ठेवा: गाडी चार्ज करू नका, सकाळी सुरूही करू नका. शक्यतो ३०-४० टक्क्यांवर सोडा. सकाळी थंड गाडी बघायची, स्कॅनर लावायचा, तासभर चढ, हायवे, खड्डे असं सगळं मिळून चालवायची. २०-२५ टक्क्यांवर येईल तेव्हा सेलची तफावत नोंदवायची, पंधरा मिनिटं फास्ट चार्जर, मग लिफ्ट, मग एसी चार्जरला लावून जेवायला जायचं आणि परत येऊन युनिटं वाचायची. मालकाला हे जाचक वाटेल. ज्याला दाखवायचं आहे तो कुरकुरत का होईना, तयार होतो. दीड तासात उरकायची घाई करणाऱ्याचं कारण शोधण्यापेक्षा मी दुसरी गाडी शोधतो.

लिफ्टला वेळ असेल तेवढ्यात व्हीआयएन घालून रिकॉल, म्हणजे दोषामुळे कंपनीने गाडी परत बोलावली होती का, ते तपासा. रिकॉल निघालेली गाडी वाईटच असते असं नाही. २०२१ मध्ये शेव्हरोले बोल्टच्या तोवर बनलेल्या सगळ्या गाड्या बॅटरीला आग लागण्याच्या धोक्यामुळे परत बोलावल्या गेल्या. त्यातल्या ज्यांना नवी बॅटरी बसली, त्या सेकंडहँड घेणाऱ्याला जुन्या गाडीत नवी बॅटरी देऊन गेल्या. प्रश्न एवढाच की काम झालं का, आणि झाल्याचा कागद कुठे आहे.

आणि पैसे हातात देण्याआधी, मालक समोर असतानाच, त्याच्या मोबाईलच्या ॲपमधून गाडी काढून टाकायला लावा, गाडीची सिस्टीम फॅक्टरी रीसेट करा आणि तुमच्या नावाने जोडून बघा. दोन्ही चाव्या मोजून घ्या. माझ्या एका मित्राने हे केलं नव्हतं. गाडी घेऊन तीन आठवडे झाले तरी रोज सकाळी साडेसातला तिचा एसी आपोआप सुरू व्हायचा. आम्ही वायरिंग तपासलं, बारा व्होल्टची बॅटरी तपासली, स्कॅनर लावला, काही सापडेना. शेवटी उलगडा झाला: जुने मालक ऑफिसला निघायच्या आधी गाडी गार करून ठेवायचे, आणि ते वेळापत्रक अजून त्यांच्या फोनवर चालू होतं. त्यांना फोन केला तर म्हणाले, "मी पण विचार करत होतो, नवी गाडी सकाळी गार का होत नाही!"